प्रीतमच्या नद्या

"लागलं काय नेट, भाऊ?" माणिकबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाई माय. ड्रायव्हर घेऊनच नाई राहिला," सहदेव स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

हे खरं होतं, पण अर्धंच. जुनी विंडोज टाकली की वायफायचं हे दुखणं ठरलेलं. नेटसाठी ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर हवं, आणि ते उतरवायला नेट. अमरावतीच्या बस स्टँडजवळ वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या सहदेवला त्यावरचे सगळे उपाय पाठ होते. तरी आज तो मुद्दाम रेंगाळत होता. नेट लागलं की पुढचं सांगावं लागणार होतं.

माणिकबाई जवळच्या भातकुलीच्या. लॅपटॉप त्यांच्या प्रीतमचा. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स तो मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचा आणि सायकलवर ऐकायचा. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं पोरगा गेला; त्या धावपळीत त्याचा मोबाइलही हरवला. तेव्हापासून माणिकबाई रोज दिवेलागणीला त्याच्या तोंडून महाराष्ट्रातल्या नद्या ऐकत. मग पुतण्यानं नवी विंडोज टाकली आणि मशीन रांगायला लागलं. "होतं तसं करून द्या," असं त्या परवा लॅपटॉप देताना म्हणाल्या होत्या.

"सारं डी ड्राइव्हमदी हाये ना?" सहदेवनं नेहमीप्रमाणं विचारलं होतं. विंडोज असते तो सी ड्राइव्ह कोरा करायचा, डीला हात लावायचा नाही, ही धंद्याची रीत. डॉक्टरपुढे हलवावी तशी माणिकबाईंनी मान हलवली. त्यानंही उघडून पाहिलं नाही. नंतर डी रिकामा निघाला. पोरानं सगळं डेस्कटॉपवर ठेवलं होतं, म्हणजे पुसलेल्या सीमध्येच. काल दिवसभर त्यानं फाइली परत आणायचा आटापिटा केला. चार फोटो निघाले, आवाज एकही नाही.

"त्या फाइली नागपूरले दीपमालाले पाठवाच्या हायेत," माणिकबाई म्हणाल्या. "ते म्हन्ते, आई, मलेही दादाचा आवाज पाह्यजे. सकाळपासून वाट पाहून राहिली."

दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर आणलेला तिसरा ड्रायव्हर अखेर बसला. कोपऱ्यात वायफायच्या रेघा उमटल्या. सहदेवला पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला नाही.

"माय, त्या फाइली गेल्या," तो म्हणाला. "माह्या हातानं पुसल्या गेल्या. मी पाह्यलंच नाई."

"एकही नाई?"

"एकही नाई."

माणिकबाईंनी खुर्ची रिकाम्या स्क्रीनपुढे ओढली. सहदेवनं शिव्या खायची तयारी ठेवली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नेट लागलं ना?" त्यांनी विचारलं. "मंग दीपमालाले व्हिडिओ लावून द्या. मीच सांगतो तिले."

त्यानं लावून दिला. स्क्रीनवर पोरीचा हसरा चेहरा आला.

"बाई, दादाच्या फाइली नाई राहिल्या," माणिकबाई म्हणाल्या. "माह्याच हातून पुसल्या गेल्या. मले समजत नाई न त्यातलं."

सहदेव शेजारीच उभा होता. तो कॅमेऱ्यात दिसणार नाही एवढा मागे सरकला.