वाकायचं नाही

बाबनराव खुर्ची उचलून आतल्या खोलीकडे निघाले, तेवढ्यात भागीरथाने वॉकर उंबऱ्यापाशी आडवा घातला.

“ठेवा ते तिथंच.”

“अवं, कन्हानहून मामा येऊन राहिले. आजच्या दिवस आत बस. ते गेले की आणून ठेवतो पुन्हा.”

“मी काय चोरी केली का आत लपून बसाले?”

बाबनराव म्हणजे हातमागावर जन्म घालवलेला गरीब जीव. बायकोशी वाद घालणं त्यांना तरुणपणीही जमलं नव्हतं, आता काय जमणार! त्यांनी खुर्ची समोरच्या खोलीत, मागाशेजारी, होती तिथे मुकाट ठेवली. भागीरथा वॉकर सरकवत आली. हात मागे नेऊन तिने खुर्चीचा दांडा चाचपला, ऑपरेशनचा पाय पुढे लांबवला आणि दवाखान्यात शिकवलं होतं तशी सावकाश टेकली. कोपऱ्यात सतरंजीवर बसलेल्या तिच्या सासूने, प्रयागबाईने, तोंड भिंतीकडे फिरवलं.

महिनाभर हेच चाललं होतं. सून खुर्चीवर आणि सासू खाली! अख्ख्या तांडापेठेत असं कुणी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून भागीरथा सासूसमोर कधी साध्या पाटावरही बसली नव्हती.

पण उजव्या खुब्याने तिचा पार अंत पाहिला होता. मोरीपर्यंत भिंत धरून सरकत जायचं आणि परत येताना ओठ दाबून रडायचं, या जगण्याचा तिला वीट आला होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, हाडाचा गोळा झिजलाय, काढून स्टीलचा बसवावा लागेल. त्या दिवशी बाबनराव जेवले नाहीत. प्रयागबाई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

“मेल्यावर हाडं गंगेत जातात. लोखंड कुठं टाकाचं?”

“भंगारवाल्याले देजा, आत्याबाई,” भागीरथा म्हणाली, आणि तिने स्वतःच ट्रंकेत लुगडी भरायला घेतली.

भीती वाटली नव्हती असं कोण म्हणेल? ऑपरेशनच्या टेबलावर तिचे दात वाजत होते. तिथून उठली ती डॉक्टरांची ताकीद घेऊनच. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. वाकलात तर नवा गोळा वाटीतून निसटेल. शेजारच्या खाटेवरची बाई सांडलेला पेला उचलायला वाकली होती. तिची किंकाळी भागीरथाने ऐकली होती, तिला पुन्हा ऑपरेशनला नेताना पाहिलं होतं. तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं की काही झालं तरी आपण वाकायचं नाही.

घरी आल्यापासून सासूने अबोला धरला होता. पण भागीरथा चालायला निघाली की वाटेतली बादली, दुमडलेलं सतरंजीचं टोक प्रयागबाई पायाने बाजूला सारायची. भागीरथाला ते दिसत होतं. तसं कबूल करायला मात्र ती तयार नव्हती.

“नमस्कार तरी करशील ना मामाले?” बाबनरावांनी हळूच विचारलं. “एका मिनिटाचं काम.”

“एका मिनिटातच निसटते तो.”

बाहेर सायकलरिक्षा थांबली. चंपतराव उतरले. प्रयागबाईचे हे थोरले भाऊ. घराण्यात त्यांच्याहून वडील माणूस आता उरलं नव्हतं आणि ही गोष्ट ते कुणाला विसरूही देत नसत. बाबनराव पायांवर वाकले. मुलगा श्रीधर वाकला. भागीरथा वॉकर धरून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

चंपतरावांनी पाय पुढे केला. कुणी तिथवर आलं नाही.

“नागपुरात हीच पद्धत चालू झाली का आता?”

“मामाजी, डॉक्टरनं वाकाले मना केलं हाय. इथूनच नमस्कार करतो.”

“डॉक्टर मोठा का मी मोठा?”

“खुब्याच्या बाबतीत डॉक्टर मोठा.”

श्रीधरला हसू आलं; ते त्याने खोकल्यात दडवलं. चंपतरावांचा चेहरा लालबुंद झाला.

“लोखंड घालताना लाज काढून घेतली का हिची? बाबन, ज्या घरात सून मोठ्यायच्या पाया पडत नाही, तिथं मी पाणी पेत नाही. हे चाललो. पुन्हा बोलावू नको.”

ते खरंच दाराकडे वळले. बाबनराव भागीरथाकडे धावले.

“श्रीधरच्या माय, वाक ना वं! मी धरतो तुले!”

भागीरथाला संताप आला होता आणि रडूही. एकदा वाकलं की सगळे खूश, घरात पुन्हा शांतता. आणि आपण? आपण परत त्या खाटेवर, कदाचित कायमच्या. ज्या माणसाने जन्मभर साथ दिली तोच वाक म्हणतोय, हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तिने वॉकर घट्ट धरला.

“नाही,” ती म्हणाली. “कोणासाठीच नाही.”

 मग कोपऱ्यातून गुडघ्यांचा कटकट आवाज आला. प्रयागबाई भिंतीला धरून उठत होती. अबोल्यातली सासू आता भावाच्या बाजूने तोंड सोडणार, असं भागीरथाला वाटलं, आणि ती तेही ऐकून घ्यायला ताठ उभी राहिली.

प्रयागबाई भावासमोर आली, कण्हत खाली बसली आणि तिने त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

“घे गा भाऊ. माह्या सुनेच्या वाटचा.”

“अवं प्रयाग, तू काहून?”

“तुले नमस्कार पाहिजे होता ना? भेटला. तिचा पाय निसटला असता तं तू येणार होता का कन्हानहून उचलाले? आता पाणी पे. अन् माह्या सुनेले माह्या घरात बोलू नको.”

 चंपतराव दारातून परत आले, सतरंजीच्या काठावर टेकले आणि बाबनरावांनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातात घेतला.

प्रयागबाईला मात्र उठता येईना. एक हात जमिनीवर रोवून ती धापा टाकत होती. श्रीधरने तिला काखेत धरलं. भागीरथाने वाकता येत नव्हतं तरी एक हात सरळ खाली सोडला. सासूने तो पकडला आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही. तिचा हात इतका हलका झालाय हे भागीरथाला आजवर माहीत नव्हतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण मामाजींसमोर ती रडणार नव्हती.

“बस आता,” प्रयागबाई म्हणाली. “किती वेळ उभी राहशील?”

भागीरथा खुर्चीवर टेकली. प्रयागबाईने आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं, सतरंजीवरच्या भावाकडे पाहिलं.

“श्रीधर, शेजारून एक खुर्ची आण बरं.”

“कन्हानच्या आबासाठी?”

“त्याले सतरंजी हाय,” प्रयागबाई म्हणाली. “मले.”