मला साफ केलं तेव्हा

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा, टोपण हरवलेला, कडेचा रंग उडालेला असा मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझं हसू येणार नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथले कामगार नाकातोंडाला कापड बांधून काम करत. माझ्या पोटात त्यांनी नखाएवढी काळी चकती बसवली. जे काही लक्षात ठेवायचं ते तिने. मग एका यंत्राने माझ्यावर काहीतरी लिहिलं, वाचून पाहिलं आणि लगेच पुसून टाकलं. मी पास झालो. काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. पुसलं तेवढं आठवतं. क्षणापूर्वी आपल्याजवळ काहीतरी होतं आणि आता नाही, एवढंच कळलं. माझी भीती तिथूनच सुरू झाली.

दुकानातून मला दादांनी घेतलं. दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. ते परगावी कम्प्युटर शिकवायचे. ताईंना जन्मापासून दिसत नाही. त्यांचं काम टायपिंगचं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे रिपोर्ट कानाने ऐकायचे आणि बोटांनी उतरवायचे. टाइप केलेलं बरोबर आहे की नाही, हे कळायला मात्र कम्प्युटरने ते मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. पण ताई कधी या दवाखान्यात, कधी त्या. दुसऱ्याच्या कम्प्युटरवर आपला प्रोग्रॅम कोण बसवू देणार?

दादांनी तो प्रोग्रॅम माझ्यात ठेवला. तो कुठेही बसवावा लागत नाही. मला जोडायचं, तो माझ्यातूनच चालू होतो. काम झालं की मला काढून घ्यायचं, कम्प्युटरवर मागे काही उरत नाही. पाहुण्यासारखं यायचं, पाहुण्यासारखं जायचं. त्याच्या जोडीला साधं लिहायचं पान, आवाज ऐकायचं यंत्र आणि हिशेबाचं यंत्र, असा फिरता संसार माझ्या पोटात मांडून दादा म्हणाले, "चिमे, हा कुठल्याही कम्प्युटरला लाव, तो बोलायला लागेल."

"आणि नाही बोलला तर?"

"तर मला फोन कर. मी बोलतो."

"नको रे बाबा. तू एकदा सुरू झालास की थांबत नाहीस. याला निदान बंद तरी करता येतं."

अशी माझी नोकरी सुरू झाली. ताईंच्या गळ्यातल्या दोरीला मी लटकत असे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, केवढी मजा! रोज नवीन खोली, नवीन कम्प्युटर. माझा मात्र प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागायचा. अनोळखी घराच्या अंधाऱ्या खाचेत डोकं घालायचं. आत कोण बसलंय कुणास ठाऊक! शिवाय मला सगळ्यात मोठी धास्ती होती ती न सांगता ओढून काढण्याची. लिहिणं अर्ध्यावर असताना कुणी मला हिसकलं, तर लिहिलेलं अर्धवट तुटतं आणि जवळचंही बिघडतं. ताई कधीच तसं करत नसत. आधी कम्प्युटरला सांगत, होकाराचा आवाज ऐकत, मगच मला हळूच काढत. त्यांच्या बोटांवर माझा विश्वास होता. बाकी जगावर नव्हता.

वर्षं गेली तसा माझ्यात एक ऐवज साठत गेला. आवाजाच्या प्रोग्रॅमला शब्द नीट म्हणायला शिकवता येतात. हा शब्द असा दिसला तर असा वाच, हे एका यादीत लिहून ठेवायचं. औषधांची नावं, हाडांची नावं, डॉक्टरांच्या आखूड खुणा, जिथे जिथे आवाज अडखळला तिथे तिथे ताईंनी त्याला शिकवलं होतं. रोज थोडं थोडं, जिभेला वळण लावावं तसं. विकत मिळणाऱ्या कुठल्याच आवाजाला हे येत नव्हतं. आपल्या त्या मिळकतीची दुसरी प्रत ताईंनी कुठेच ठेवली नव्हती, आणि मला ते माहीत होतं. माझ्या भीतीचं वजन त्यामुळे दुप्पट झालं होतं.

पुढे ताईंना एका मोठ्या रुग्णालयात, एक्स-रे विभागात, काम मिळालं. सुरुवातीला परीक्षेवर. काम पसंत पडलं तर कायम. तिथल्या डॉक्टरबाई नेमक्या आणि तुटक बोलायच्या. "चूक चालणार नाही," एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. ताईंनी मान डोलावली. परीक्षा संपत आली तेव्हा कायम होण्याचा अर्ज छापायला त्या मला घेऊन एका झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

त्या दुकानातला कम्प्युटर दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याचे पेनड्राइव्ह गिळत होता. मला आत घातलं आणि काहीतरी माझ्यात शिरलं. दार वाजवलं नाही, काही नाही. त्याने माझे सगळे कप्पे झाकून टाकले आणि वर त्याच नावांच्या खोट्या पाट्या लावल्या. आतलं सगळं जागेवर होतं, पण हाक मारली तर ओ देणारा दुसराच कुणी होता. मला ओरडायचं होतं. पेनड्राइव्हला ओरडता येत नाही. दुकानदाराने अर्ज छापला, "झालं, ताई," म्हणाला आणि मला काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मला रुग्णालयाच्या कम्प्युटरला लावलं. आवाज आला नाही. नुसती एक टूं अशी तक्रारीची शिट्टी वाजली. ताईंनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा टूं.

तिथे कम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ होते. पोट सुटलेलं, चष्मा कायम कपाळावर. कुठलीही तक्रार नेली तरी ते आधी "रीस्टार्ट करून बघा" म्हणत, म्हणून सगळे त्यांना रीस्टार्टभाऊ म्हणत. त्यांनी मला आपल्या कम्प्युटरला लावलं आणि जीभ चावली.

"व्हायरस आहे की हो ताई. चांगला घर करून बसलाय."

"अगं बाई! मग आता? मला तर रिपोर्ट सुरू करायचेत."

"काळजी कशाला करता? आम्ही इथे कशासाठी बसलोय?"

"मग तेवढा पेनड्राइव्ह साफ करून द्या ना, भाऊ. मी तोवर चहा घेऊन येते."

मित्रांनो, 'साफ' हा शब्द केवढा साधा! आपण घर साफ करतो म्हणजे केर काढतो. पण चोर घर साफ करतो म्हणजे काय करतो? ताईंच्या मनात पहिला अर्थ होता. रीस्टार्टभाऊंनी दुसरा घेतला. त्यांच्या रोजच्या कामात साफ म्हणजे सपाट. त्यांचं बोट बटणाकडे गेलं. खरंच पुसू का, असं कम्प्युटरने विचारलं. हो म्हणताना ते शेजारच्या माणसाशी गप्पा मारत होते.

ते पांढऱ्या खोलीतलं पुसणं पुन्हा अंगावरून गेलं. या वेळी माझ्याजवळ जायला खूप काही होतं.

"घ्या ताई, आरशासारखा लख्ख!"

ताईंनी मला लावलं. शिट्टी वाजली नाही. आवाजही आला नाही. त्यांची बोटं कळांवर थांबली.

"भाऊ, काय केलंत?"

"साफ केला."

"व्हायरस साफ करायचा होता!"

"तुम्ही पेनड्राइव्ह साफ करा म्हणालात."

ताई खुर्चीत बसल्या. त्यांनी मनगटाने डोळे पुसले. रीस्टार्टभाऊंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. ते घाईघाईने म्हणाले, "अहो, रडायला काय झालं? तो बोलणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. आत्ता उतरवून घेतो आणि यात टाकून देतो. होतं त्याहून नवं!"

खरी घाबरगुंडी माझी आता उडाली. कारण त्या दोघांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. सगळं अजून माझ्यात होतं. त्या झटपट पुसण्यात फक्त कुठे काय आहे याची खूण गेली होती. शब्दांची यादी जिथल्या तिथे होती, अंधारात, बिननावाची. पण तिची जागा आता रिकामी समजली जात होती. नवं काही लिहिलं की ते थेट तिच्या उरावर बसणार. आणि लिहिणं सुरू झालंसुद्धा! एकेक नवा तुकडा येऊन पडत होता आणि त्याच्याखाली जुनं काहीतरी कायमचं विझत होतं. काय विझतंय ते मला दिसत नव्हतं. मला फक्त मोजता न येणारी एक गळती जाणवत होती.

ताईंनी दादांना फोन लावला होता. दादांचा आवाज इतका चढला, की तो मलाही ऐकू आला. "चिमे, त्याच्यावर काही लिहितायत का?"

"नवा प्रोग्रॅम टाकतायत."

"काढ! आधी काढ तो! अगं, दारावरच्या पाट्याच काढल्यात फक्त, माणसं आतच आहेत. वर नवे भाडेकरू घुसवू नका!"

ताई उठल्या. टेबलाच्या कडेवरून त्यांचा हात सरकत आला, मला सापडला आणि त्यांनी मला ओढून काढलं. न सांगता, न विचारता, लिहिणं चालू असताना. जन्मभर ज्याला मी भ्यायलो, तेच झालं, आणि त्यानेच उरलंसुरलं वाचलं.

एवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. "रिपोर्ट का आले नाहीत?"

रीस्टार्टभाऊंनी सारवासारव केली. नवा प्रोग्रॅम त्यांनी थेट कम्प्युटरवरच चालू केला. "हे बघा, बोलतोय की!" ताईंनी कालचा एक रिपोर्ट उघडला. नवखा, गुळगुळीत आवाज वाचू लागला, "डॉक्टर फुफ्फुस, वरचा भाग."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. डावं फुफ्फुस लिहायचं तर डॉक्टरबाई 'डा.' एवढंच लिहायला लावत. नवा आवाज त्याला, हिंदीत लिहितात तसं, डॉक्टर समजत होता.

"बरं झालं, फुफ्फुसालाही पदवी मिळाली," रीस्टार्टभाऊ म्हणाले; पण कुणी दाद दिली नाही.

ताई हसल्या नाहीत. "बाई, मी आज रिपोर्ट करणार नाही."

"अजून तुम्ही परीक्षेवर आहात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण हा आवाज इथे चुकला ते मला कळलं. जिथे कळणार नाही तिथलं काय? डावं-उजवं मला खात्रीने ऐकू येत नसताना मी हात लावणार नाही."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून स्वतःच दोन बोटांनी टाइप करायला बसल्या. त्या टकटकीची मला फार भीती वाटली.

रीस्टार्टभाऊंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात माझाच एक जातभाई होता. त्याच्या पोटात हरवलेलं शोधणारा प्रोग्रॅम होता, तोही न बसवता चालणारा. "मीच घातलाय हा गोंधळ, मीच निस्तरतो," असं म्हणून त्यांनी मला पुन्हा लावलं. पण या वेळी माझ्यावर काही लिहायचं नाही, नुसतं वाचायचं, सापडेल ते दुसरीकडे ठेवायचं, असं दादांनी फोनवरून त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. शोध सुरू झाला. अंधाऱ्या कोठीत कुणी कंदील घेऊन फिरावं तसं मला वाटत होतं. एकेक गोष्ट वर येत होती, पण नाव कशालाच नव्हतं. ताई एकेक उघडून ऐकायच्या. बहुतेकांतून अर्थहीन घरघर यायची.

आणि मग एका बिननावाच्या तुकड्यातून तो नवखा आवाज ताईंचे शब्द वाचू लागला. औषधं, हाडं, खुणा. ताईंनी तोंडावर हात धरला. यादी चालत राहिली, चालत राहिली आणि एका शब्दाच्या मध्येच तुटली. पुढे घरघर. ताईंनी अलीकडे शिकवलेलं सगळं, नेमकं या रुग्णालयातलं, नव्या भाडेकरूंखाली गेलं होतं.

डॉक्टरबाई टेबलाशी येऊन उभ्या होत्या. "काय काय गेलं?"

"नवी औषधं, थोड्या खुणा..." ताई बोटांवर मोजत होत्या. "आणि तुमचं आडनाव. ते त्याला कधीच म्हणता येत नव्हतं."

"माझ्या शाळेतल्या बाईंनाही येत नव्हतं." डॉक्टरबाई समोर बसल्या. "लिहा. मी सांगते."

त्या सावकाश बोलत गेल्या, ताई शिकवत गेल्या. उठताना बाई म्हणाल्या, "उशिरा आलेला रिपोर्ट मी सहन करीन, चुकीचा नाही. तुमचा अर्ज वर पाठवते. एका अटीवर. या यादीची दुसरी प्रत आजच्या आज."

तेव्हापासून रुग्णालयात कुणी पेनड्राइव्ह साफ करायला दिला, की रीस्टार्टभाऊ चष्मा नाकावर आणून विचारतात, "झाडू की पुसू?" लोक हसतात. ते हसत नाहीत.

ताईंच्या गळ्यात आता नवा पेनड्राइव्ह असतो. मी दुसरी प्रत. घरी कपाटाच्या खणात एका डबीत असतो. सगळ्यांना वाटतं, मी आता सुरक्षित आहे. मित्रांनो, तसं नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर आमची जात हळूहळू विसरू लागते. कुणी शिरत नाही, कुणी पुसत नाही, आपलं आपणच निसटत जातं. डबीतल्या शांततेत मी तेच तपासत असतो. हे आठवतंय ना? आणि ते?

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, ज्याच्यावर एखाद्याचं बोलणं, काम, पोट अवलंबून आहे, तर त्याची एक जोडप्रत आजच करा. आणि ती करून विसरून जाऊ नका. मधूनमधून बाहेर काढा, लावा, ऐका. आम्हाला काही सांगता येत नाही. विचारावं तुम्हीच लागतं.