पिनेच्या जागी खिळा

मी होडीची एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, माझ्या पंख्यात पिनेऐवजी खिळा घालून माझ्या नावाड्याला काय मिळणार होतं, ते आधी मोजू. होडी मधेच अडली की उतारू हसतात. ते हसणं टळणार होतं. जमेची बाजू एवढीच.

कारखान्यातून आले तेव्हा मी निळीशार होते. खाली तीन पात्यांचा पंखा होता आणि तो दांड्याला धरून ठेवणारी एक बारीकशी पितळी पिन. तुटणं हेच तिचं काम. पंखा खडकावर आपटला की ती तुटते आणि आतल्या चक्रांचे दाते वाचतात. पण स्वतः मोडून दुसऱ्याला वाचवणाऱ्याला लोक कमकुवत म्हणतात.

बारा वर्षं मी माणसं पार नेली. नावाडी मला रोज फडक्याने पुसायचा. "काय दणदणीत आवाज आहे!" असं जो तो म्हणे. पिनेचं नावही कुणी काढलं नाही.

एका वर्षी पाणी फार उतरलं, खडक वर आले. आठवड्यात तीनदा पिन तुटली. पिन तुटली की मी नुसतीच गरजते, होडी जागची हलत नाही. नावाड्याने वल्ही उचलली की उतारूंना ऊत येई.

"काय हो, मोटर गाणार आणि तुम्ही नाचणार, असं ठरलंय का?"

तिसऱ्यांदा तुटल्यावर त्याने पिनेच्या जागी पोलादी खिळा कापून बसवला.

"अहो, डब्यात पिना आहेत की," बायको म्हणाली.

"त्या कसल्या पिना, काचेच्या बांगड्या! हा बघ, गडी कसा आहे."

पाच महिने गडी तुटला नाही. धक्के माझ्या दात्यांनी खाल्ले, शाबासकी खिळ्याने.

मग पलीकडून निरोप आला. नावाड्याची थोरली बहीण अखेरच्या घटका मोजत होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. "धाकट्याला बोलवा," एवढंच ती म्हणत होती. नवराबायको हातातलं काम टाकून निघाली. नदीच्या मध्यावर पंखा खडकावर आदळला. माझ्या आत काहीतरी कडकन मोडलं. मी गरजत राहिले, होडी हलेना.

नावाड्याने मला वर उचलून पंखा काढला. "खिळा तर शाबूत आहे! म्हणजे बिघाड इथला नाही."

पिन असती तर तुटलेली दिसली असती. दुसरी घातली की पाच मिनिटांत आम्ही निघालो असतो. खिळ्याने मात्र खोटी साक्ष दिली. नावाड्याने पंखा परत बसवला, प्लग काढून घासला, पेट्रोलची नळी फुंकली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! दर वेळी दोरी ओढून तो मला चालू करी, मी गरजे, आणि होडी प्रवाहाबरोबर खाली सरके.

"अहो, आवाज चांगलाच आहे तिचा. वल्ही घ्या ना."

"वल्ह्यांनी तास जाईल. हिने दहा मिनिटांत नेतो. थांब, झालंच."

"वन्सं थांबायच्या नाहीत हो!"

या 'झालंच'मध्ये तास गेला. शेवटी बायकोनेच एक वल्हं पाण्यात घातलं. मग त्याने दुसरं घेतलं.

काठावर भाची उभी होती.

"मामा, आत्ता गेली आई. तुझ्या मोटरचा आवाज येत होता ना, तर म्हणाली, 'आला बघ माझा धाकटा.' दार सताड उघडायला लावलं. मग तिकडेच बघत राहिली."

नावाडी होडीतच खाली बसला.

पुढे कारागिराने मला उघडलं. दात्यांचा चुरा झाला होता. माझ्या वयाच्या मोटरचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून मी शेडमध्ये पडून आहे. मित्रांनो, वारंवार मोडून तुम्हाला थांबवणारं काही असेल, तर ते फेकण्याआधी विचारा की ते कुणाला वाचवतंय.

हिशेब असा जमला. खिळ्याला ओरखडाही नाही. माझे दाते गेले, नावाड्याची शेवटची भेट हुकली. पण सगळ्यात मोठी किंमत मोजली ती त्या बहिणीने, जिने ना कधी पिन पाहिली होती, ना खिळा.