पाचवा स्विच

विजय नगरातल्या कॉल सेंटरमधला अच्युतचा करार महिनाअखेर संपत होता. "पाचवा स्विच तुम्हीच जोडा. काही लोचा झाला नाही तर तुमचं पक्कं करून टाकू," असं त्याचे साहेब आशिषजी सोमवारीच म्हणाले होते. अच्युतला त्रेपन्न पुरी झाली होती. कापड गिरणी बंद पडली तेव्हा तो तिथे इलेक्ट्रिशियन होता. पुढची बारा वर्षं टीव्ही, मिक्सर, हाती येईल ते दुरुस्त करण्यात गेली. हीही नोकरी सुटली तर तिसरी मिळायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रॅकमध्ये फोन आणि संगणकांचं नेटवर्क चालवणाऱ्या चार पेट्या, म्हणजे स्विच, एकमेकांना केबलने जोडलेले होते. त्यांतला एक मुख्य, बाकीचे त्याच्या हुकमातले. पाचवा पुण्याच्या बंद झालेल्या शाखेतून आला होता. नेटवर्क सांभाळणाऱ्या निवेदिताने कागदावर कामाचा क्रम लिहून दिला होता. पहिलीच ओळ : नवा स्विच बंद ठेवूनच जोडा.

अच्युतने ती वाचली होती. पण गिरणीत नवी मोटर आधी रिकामी चालवत, आवाज ऐकत, हात लावून बघत, मगच पट्टा चढवत. न तपासता यंत्र जोडणं त्याला जमेना. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्विच चालू केला. त्याच्या आतला पंखा नीट फिरत होता. समाधानाने त्याने चालू स्विचलाच केबल लावली.

थोड्या वेळाने चारही जुन्या स्विचचे दिवे एकदम गेले.

"काका, हे काय केलंत?" निवेदिता डबा टाकून धावत आली. "हा पुण्यात मुख्य होता, याचा प्राधान्याचा आकडा आपल्या सगळ्यांपेक्षा मोठा! चालू जोडला, म्हणून इथेही मुख्य झाला. आता आपल्या चारही स्विचवर पुण्याची सेटिंग बसणार."

हॉलमध्ये एकशे वीस जणांचे फोन बंद पडले. कुणीतरी ओरडलं, "भिया, पोहे मंगवा लो, आज तो छुट्टी है!" मोठा हशा पिकला.

निवेदिताकडे जुन्या सेटिंगची प्रत होती. सगळं पूर्ववत व्हायला पन्नास मिनिटं लागली. तोवर आशिषजी फोनवर ग्राहक कंपनीची माफी मागत होते. फोन ठेवून ते वळले.

"चालू क्यों किया, अच्युतजी?"

"सर, चूक माझी," निवेदिता मध्येच म्हणाली. "बंद ठेवा हे मी कागदावर लिहायलाच विसरले."

तिचं दोन बोल ऐकून घेण्यावर निभावलं असतं. अच्युतने तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती.

"लिहिलं होतं तिने," तो म्हणाला. "मी वाचलं होतं. गिरणीत आम्ही आधी चालवून..."

"मिल बंद हो गई, अच्युतजी," आशिषजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ये जोड़ दो, फिर कार्ड रिसेप्शन पर देते जाना."

निवेदिताने सुटा काढलेल्या पाचव्या स्विचचा आकडा खाली आणल्याची खात्री केली, अच्युतने तो बंद केला, मग केबल लावली आणि वीज दिली. दिवा हिरवा झाला. त्याने केबलला पट्टी बांधली, तिचं उरलेलं टोक कापलं आणि गळ्यातली कार्डाची दोरी काढली.