खरवडलेलं नाव

क्लबच्या मास्तरांनी त्याला सातव्या वर्षी बुद्धिबळ शिकवलं, आणि एकविसाव्या वर्षी तो देशाचा विजेता झाला तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर त्याचं नाव त्यांनीच रंगवलं. पुढे निवडणुकीत मतपेट्या बदलल्या गेल्या, तेव्हा भर बहरातला खेळ सोडून तो रस्त्यावर उतरला. सरकारने त्याला आत टाकलं. क्लबला निरोप आला, नाव काढा नाहीतर जागा खाली करा. मास्तरांनी शिडी लावून नाव खरवडून काढलं.

चार वर्षांनी तो सुटला आणि सरळ क्लबमध्ये आला. अंगाची नुसती हाडं उरली होती.

“शिकणारी पोरं उघड्यावर आली असती रे,” ते कसेबसे म्हणाले.

“ठाऊक आहे मास्तर. एक डाव मांडा.”

त्याने प्यादं उचलायला हात पुढे केला, पण ते सुटून जमिनीवर घरंगळलं. तुरुंगात मोडलेली बोटं वाकडीच जुळली होती.

“मी चाल सांगतो, तुम्ही सरकवा.”

मास्तर दोन्हीकडचे मोहरे हलवत राहिले. खेळ त्याचा अजून तसाच बिनचूक होता. बाविसाव्या चालीला मास्तरांवर मात झाली. त्यांनी माफी मागायला त्याचा हात हातात घेतला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “उद्या चौकात सभा आहे. याल?”

मास्तरांनी मान खाली घातली. तो कोपराने दार ढकलून निघून गेला.