वरचा सूर

गिटारवाल्याने स्टील गिटार मांडीवर आडवी घेतली, लोखंडी कांडी तारांवर टेकवली आणि तिची थरथर काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला दिसू नये म्हणून तो जरा अंग चोरून बसला.

"काका, हात कापतोय का?"

"कापत नाही रे. सुरात कंपन लागतं ना, ते आता आपोआप येतं. म्हातारपणाची भेट."

समोर माइकपाशी धाकटी खुर्चीत बसली होती. ती आणि तिची थोरली बहीण, या दोघींची जोडी एकेकाळी घराघरांत वाजायची. थोरली वरच्या सुरात, धाकटी तिच्या खालोखाल, आणि मागून सावलीसारखी याची गिटार. थोरली मागच्या वर्षी गेली. आता त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं होतं आणि थोरलीची ओळ गिटारीने म्हणायची होती.

त्या गाण्याला एक डाग होता. शेवटच्या कडव्यात वरचा सूर किंचित उतरायचा आणि जाणकार त्याचं खापर गिटारवाल्यावर फोडायचे. धाकटी तर तोंडावर ऐकवायची, "ताई बरोबर होती हो. तुम्हीच तिला खाली ओढलंत."

खरा प्रकार उलटा होता. थोरलीचा गळा तिथवर पोचतच नसे. तेव्हा सगळे एकाच माइकभोवती जमून एका दमात गात-वाजवत. नंतर दुरुस्तीची सोय नव्हती. थोरली घसरली की हा कांडी तेवढीच मागे घ्यायचा. दोघं मिळून घसरले की दोष वाद्याचा वाटतो, गळ्याचा नाही. थोरलीने हे कधी मागितलं नव्हतं, आणि कळूनही कधी आभार मानले नव्हते. पुढे रेकॉर्ड कंपन्यांनी 'बेसूर' म्हणून याला बोलावणं सोडलं. भलेपणा असा अंगाशी आला.

आज तो सूर जिथे असतो तिथेच वाजवायचा, एवढ्यासाठी तो कुरकुरत्या गुडघ्यांनी जिने चढून आला होता.

"आज तरी सांभाळा," धाकटी म्हणाली. "ताई ऐकत असेल."

"ऐकू दे की. आता तिला कुठे घाई आहे?"

नको नको म्हणता तिला हसू आलं.

शेवटचं कडवं आलं. कांडी सरकली आणि वरच्या सुरावर नेमकी थांबली. धाकटीचा आवाज मात्र सवयीने खाली उतरला. दोन सूर एकमेकांना घासले आणि ती गाता गाता थांबली.

"बाई, तुम्ही उतरलात," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "काका अगदी बरोबर होते."

धाकटीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. मग हळूहळू गिटारवाल्याकडे पाहिलं.

"पण मी तर ताईला धरूनच गायचे," ती म्हणाली. "आयुष्यभर. तिलाच धरून."

खरं काय ते उमगलेल्या याच चेहऱ्याची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली होती. तो समोर आला तेव्हा त्याला नुसता थकवा आला.

"कांडी घसरली माझी," तो म्हणाला. "पुन्हा घ्या."

"अहो काका, पण तुमचं तर..."

"घे रे बाबा. गुडघे आखडतात."

पुन्हा तोच सूर आला. कांडी किंचित मागे सरली आणि धाकटीचा आवाज तिच्याखाली अलगद बसला.

"काका, आता तुम्ही उतरलात!" रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला.

"त्यांचं पहिल्यापासून तसंच," चष्मा काढून पुसत धाकटी म्हणाली. "हेच ठेवा."

काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. ती पुसतच राहिली.