सावरवाडीचं जातं

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या साली पाऊस पडलाच नव्हता. धरणाचं पाणी इतकं उतरलं की बुडालेली सावरवाडी वर आली. आधी मंदिराचा कळस दिसला, मग पाटलाच्या वाड्याची भिंत आणि शेवटी गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यातली घरांची जोती.

ताहेरची मोटारबोट हाळीच्या धक्क्यावरून निघून बोरगावच्या दर्ग्यापर्यंत जायची. एरवी तिच्यात बाजाराची, लग्नाची माणसं असत. आता नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतली साहेबमंडळी रविवारी बायकापोरांसह येऊ लागली. दर्गा बघायचा, सावरवाडीला उतरायचं, मंदिरात फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. त्यांना पुढच्या बाकांवर सावली, गावच्या माणसांना मागं इंजिनाजवळ जागा.

पंचशीला त्या रविवारी मागंच बसली होती. बोरगावला बहिणीकडं निघाली होती. बोट सावरवाडीला लागली तसा पाहुण्यांना माहिती सांगणारा शंकरप्पा उभा राहिला. "हे हेमाडपंती मंदिर. पलीकडं काही नाही, नुसते दगड."

"दगड न्हाईत ते," पंचशीला मोठ्यानं म्हणाली. "घरं हायत. तिसरं माझं."

कुणीतरी हसलं. ती उतरून सरळ आपल्या जोत्याकडं गेली. चुलीची जागा अजून काळी होती. जवळच फरशीवर एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं. पुरीचे तुकडे, संत्र्याच्या साली जिथं तिथं. ती काही बोलणार तेवढ्यात तिला बोटीपाशी दोन माणसं वाकलेली दिसली. तिच्या घरच्या जात्याची तळी, खालचा जड दगड, उचलून बोटीत ठेवत होती. एक पाहुण्यांतल्या एका साहेबांचा ड्रायव्हर, दुसरा ताहेर.

ती धावत गेली. "ए! ठेव ते खाली!"

ते साहेब मागून येत शांतपणे म्हणाले, "बंगल्याच्या बागेत छान दिसेल. इथं पडूनच होतं की."

"पडलं न्हवतं. पाणी आलं तवा माझी माय वरची पाळ डोक्यावर घेऊन निघाली. खालची न्यायला परत आली तर पोलिसानं हाकललं. मरेस्तवर तिनं दुसऱ्याच्या घरी दळलं."

"बाई, ही आता सरकारी जमीन आहे."

"जमीन सरकारची. दळणारी सरकारनं आणली व्हती का?"

साहेबांनी ताहेरला खूण केली. ताहेर इंजिनाकडं वळला. पंचशीला बोटीत चढली. जड तळी तिनं एकटीनं कडेपर्यंत रेटली आणि कुणी धरायच्या आत पाण्यात ढकलली. साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर गाळाचे शिंतोडे उडाले. बायका किंचाळल्या.

"आता न्या," ती म्हणाली.

आठवड्याच्या आत ताहेरचा परवाना थांबवला गेला. कारण दिलं ते बोटीच्या सुरक्षिततेचं. हाळीच्या लोकांना बोरगावला पायी काठाकाठानं वळसा घालावा लागला आणि शिव्या पंचशीलेला पडल्या. पाराजवळ हाळीचाच धोंडप्पा तोंडावर म्हणाला, "एका दगडापायी गाव तोडलंस."

"तुझं घर उंचावर व्हतं धोंडप्पा, बुडालं न्हाई, म्हणून तुला त्यो दगड दिसतो," ती म्हणाली आणि थांबली नाही.

भर उन्हात ती वळशानं चालली असताना धक्क्यावर पालथ्या घातलेल्या बोटीला डांबर फासत ताहेर बसला होता. त्यानं हाक मारली, "आक्का, पाणी पिऊन जा. मी काय करू, साब बोलले तर हात लावावाच लागतो. पोट हाय. लई पस्तावून राहिलो."

पंचशीला थांबली. घशाला कोरड पडली होती. तिनं त्याच्या पाण्याच्या डेऱ्याकडं पाहिलं.

"तुझी माय अन् माझी माय सावरवाडीत एका विहिरीवर धुणं धुवायच्या, ताहेर," ती म्हणाली. "ते जातं कुणाचं, त्या ड्रायव्हरला म्हाईत न्हवतं. तुला म्हाईत व्हतं."

पाणी न पिताच ती पुढं निघाली.